टॅपेटची फट

थंड इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये एक बारीक फट मुद्दाम राखलेली असते. छोट्या मोटारसायकलींमध्ये ती ०.०५ मिलिमीटरपासून ०.१५ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या आगेमागे असते. गॅरेजच्या बोलीत या फटीला, तिच्या स्क्रूला आणि तिथून येणाऱ्या आवाजाला मिळून एकच नाव आहे, टॅपेट. ‘टॅपेट वाजतायत’, ‘टॅपेट ढिले झालेत’, ‘टॅपेट सेट करून घ्या’ ही वाक्ये दुचाकी बाळगणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असतात. काटेकोरपणे बघितले तर टॅपेट म्हणजे कॅमवर बसून वरखाली होणारा एक ठोकळा. आजच्या बऱ्याच इंजिनांत तो भागच नसतो. भाग गेला, नाव राहिले.

फट का ठेवायची, याचे उत्तर उष्णतेत आहे. पोलाद तापले की वाढते. एक मीटर लांबीची पोलादी सळई एका अंशाने तापली तर मिलिमीटरच्या सुमारे बारा सहस्रांशाने लांबते. हा आकडा क्षुल्लक वाटतो; पण सत्तर मिलिमीटर लांबीचा व्हॉल्व्ह सरासरी तीनशे अंशांनी तापला, तर त्याची लांबी पाव मिलिमीटरने वाढते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची चकती पेटलेल्या वायूच्या झोतात असते आणि जोराने चालणाऱ्या इंजिनात तिचे तापमान सहाशे-सातशे अंशांपर्यंत चढते. व्हॉल्व्हला लांबायला जागाच ठेवली नाही, तर त्याचे वरचे टोक रॉकरला टेकेल, रॉकर हटणार नाही आणि शेवटी व्हॉल्व्हची चकती आपल्या बैठकीवरून उचलली जाईल. दार किलकिले राहिल्यासारखे होईल ते.

मात्र वाढणारा एकटा व्हॉल्व्ह नसतो. तो ज्या सिलिंडर हेडमध्ये बसवलेला असतो ते हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट वाढते. फक्त ते व्हॉल्व्हइतके तापत नाही. म्हणजे एकीकडे व्हॉल्व्ह लांबून फट बुजवतो आणि दुसरीकडे हेड फुगून तीच फट रुंदावते. दोघांच्या या ओढाताणीत शेवटी किती उरते, ते इंजिनाच्या रचनेवर ठरते. म्हणून एका गाडीचा आकडा दुसरीला चालत नाही. जुन्या लोखंडी बुलेटचे उदाहरण बघण्यासारखे आहे. तिच्यात व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या लांब पुशरॉड मिश्रधातूच्या असतात. तापल्यावर इंजिनाबरोबर त्याही लांबतात, त्यामुळे थंड असताना वेगळी फट राखावी लागत नाही. पुशरॉड दोन बोटांत धरली असता सहज गोल फिरावी, पण वरखाली हलू नये, एवढेच तिथले माप. फट मोजायचे फिलर गेज बाहेर काढायची गरजच पडत नाही.

फट वाढली की काय होते, ते कानाला लगेच कळते. कॅम फिरत येतो, रॉकरला उचलतो, रॉकर आधी रिकामे अंतर तोडतो आणि मग व्हॉल्व्हच्या टोकावर आपटतो. हीच ती ‘टकटक’. इंजिन आयडलिंगला मिनिटाला १४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह त्याच्या निम्म्या वेळा, म्हणजे सातशे वेळा उघडतो. सेकंदाला अकरा-बारा ठोके झाले. शिवाय व्हॉल्व्ह थोडा उशिरा उघडतो, थोडा लवकर मिटतो आणि उघडतोही जरासा कमी. श्वास पुरता घेऊ न दिलेल्या माणसासारखे इंजिन चालते. वरच्या वेगाला पिकअप मंदावतो. रॉकरचे तोंड, स्क्रूचे टोक आणि कॅम यांची झीजही वाढत जाते. हे सगळे नुकसान खरे. पण ते हळूहळू होते आणि बोलून होते.

फट मिटली तर जे होते ते न बोलता होते. व्हॉल्व्ह तापला की पुरता मिटत नाही. कम्प्रेशन गळते, गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला टिकत नाही, सकाळी किका खाते. त्याहून वाईट गोष्ट आतमध्ये चाललेली असते. व्हॉल्व्हच्या चकतीतली बरीचशी उष्णता बाहेर पडते ती बैठकीवर टेकल्यावर, त्या अरुंद कड्यातून हेडमध्ये. इंजिनाच्या प्रत्येक चक्रात व्हॉल्व्ह जेवढा वेळ मिटलेला असतो, तेवढाच त्याला गार व्हायला वेळ. बैठकीवर नीट टेकताच आले नाही, तर तो गार होत नाही, आणि फटीतून सुसाट निघालेला जळता वायू कडा खात जातो. काही दिवसांनी हेड उतरवल्यावर चकतीच्या काठाला कुरतडल्यासारखी खाच दिसते. यालाच व्हॉल्व्ह जळणे म्हणतात. मग व्हॉल्व्ह, बैठक, गॅस्केट असा खर्च निघतो.

नवशिक्या माणसाची पहिली चूक इथेच होते. टकटक ऐकू आली की ती बंद करणे हाच कामाचा हेतू समजून तो स्क्रू आवळत जातो आणि आवाज पूर्ण गेला की खूश होतो. जाणता मेकॅनिक मात्र किंचित कुजबुजणारे टॅपेट पसंत करतो आणि एकदम गप्प झालेल्या इंजिनाकडे संशयाने बघतो. टॅपेट सेट करणे म्हणजे आवाज घालवणे नव्हे, फट मापात आणणे. पुष्कळदा त्यासाठी स्क्रू आवळावा नव्हे तर सोडवावा लागतो.

सोडवावा लागण्याचे कारण झिजेत आहे. रॉकर, कॅम आणि स्क्रूचे टोक झिजले की फट वाढते, हे सहज पटते. पण व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर लाखो वेळा आपटून तिच्यात रुतत जातो, तेव्हा त्याचा दांडा वर सरकतो आणि फट कमी होते. इंजिन पाच हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर तासाभरात प्रत्येक व्हॉल्व्ह दीड लाख वेळा बैठकीवर बसतो. या दोन्ही झिजा एकाच वेळी चालू असतात. सीएनजीवर चालणाऱ्या इंजिनात बैठकीची झीज अधिक वेगाने होऊ शकते, कारण हा वायू कोरडा जळतो आणि द्रव इंधनातून बैठकीला मिळणारे थोडेफार वंगण तिथे मिळत नाही. पुण्या-मुंबईच्या सीएनजी रिक्षांचे टॅपेट म्हणूनच वरचेवर बघावे लागतात, आणि तेही आवाज येण्याची वाट न बघता.

महाराष्ट्रातल्या एका आख्ख्या पिढीला या प्रकरणाशी देणेघेणे नव्हते. टू-स्ट्रोक बजाज चेतक, येझदी, राजदूत, आरएक्स १०० या गाड्यांच्या इंजिनात असे व्हॉल्व्ह नसतातच; सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्या पिस्टनच उघडतो आणि झाकतो. ती पिढी प्लग साफ करण्यात आणि कार्बन खरवडण्यात तरबेज झाली. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर आली, पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरून ओसरल्या, तेव्हा टॅपेट हा शब्द घरोघरी पोचला. शेतकऱ्याला मात्र तो आधीपासून ठाऊक होता. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचे टॅपेट बांधावर बसून लावणारी माणसे गावोगाव होती.

सगळीच इंजिने घरी उघडण्यासारखी नसतात. काहींत हायड्रॉलिक लिफ्टर असतात; ऑइलच्या दाबाने ते फट आपोआप भरून काढतात. २००९ नंतरच्या काळात रॉयल एनफिल्डच्या युनिट कन्स्ट्रक्शन इंजिनांत ते होते, म्हणून त्या बुलेटचे टॅपेट लावून देतो म्हणणाऱ्याकडून गाडी परत आणलेली बरी. काही इंजिनांत फट ठरते ती शिम नावाच्या, ठरावीक जाडीच्या चकतीने. चाकणला तयार होणारी केटीएम ३९० त्यातली. तिथे फट मोजणे जमले तरी ती बदलण्यासाठी आतले आणखी भाग उतरवावे लागतात आणि नव्या जाडीच्या चकत्या आणाव्या लागतात. ते पहिल्या प्रयत्नाचे काम नव्हे. उरतो तिसरा, सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा प्रकार, स्क्रू आणि चेकनटचा. रॉकरच्या टोकाला एक छोटा स्क्रू, त्याला जागीच धरून ठेवणारा एक नट. शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांत आणि बऱ्याचशा गिअरलेस स्कूटरमध्ये हीच रचना असते.

हात बसवायला त्यातही सीडी १००, स्प्लेंडर घराण्याचे ९७.२ सीसीचे इंजिन सर्वांत बरे. होंडाच्या १९५८ सालच्या सुपर कबपासून चालत आलेल्या आडव्या इंजिनांच्या कुळातले हे इंजिन. सिलिंडर पुढच्या चाकाच्या दिशेने जवळजवळ झोपलेला, हेड समोर उघडे आणि टाकी न उतरवता दोन्ही टॅपेटपर्यंत हात पोचतो. वरच्या बाजूला कार्बोरेटरकडचा इनलेट व्हॉल्व्ह, खालच्या बाजूला सायलेन्सरकडचा एक्झॉस्ट. दोन्हींवर एकेक गोल, मध्ये षटकोनी उंचवटा असलेले झाकण. स्कूटरमध्ये हेच काम करायला सीटखालचा डबा, कव्हर आणि पंख्याची झाकणे उतरवण्यात अर्धा दिवस जातो.

सामान फार लागत नाही. टॅपेटच्या झाकणांना १७ चा रिंग पाना, चेकनटला ९ चा, स्क्रूच्या चौकोनी डोक्यावर बसणारी टॅपेट की, क्रँक फिरवायला १४ चा गोटी पाना, प्लगचा पाना, दोन फडकी आणि फिलर गेज. फिलर गेज म्हणजे चाकूसारख्या म्यानात दुमडलेल्या पोलादी पात्यांचा जुडगा. प्रत्येक पात्यावर जाडी कोरलेली असते. घेताना त्यात ०.०५ चे पाते आहे ना, हे बघून घ्यावे, कारण मोटारींसाठी बनवलेल्या काही संचांत एवढे पातळ पाते नसते. पूर्वी दाढीचे ब्लेड मध्ये सरकवून टॅपेट लावत. त्या युक्तीमागे हिशेब होता. दुधारी ब्लेडची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते. पण ज्या इंजिनाला ०.०५ हवे तिथे ब्लेडने लावलेली फट दुप्पट होते. इंचात मोजणारे जुने फिटर फट ‘थाऊ’त सांगतात, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. त्यांचे चार थाऊ म्हणजे एक दशांश मिलिमीटर. आकडा ऐकताना एकक विचारून घेतलेले चांगले. आणि शेवटी गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. तो इनलेटचा वेगळा आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. एक्झॉस्ट अधिक तापतो म्हणून त्याची फट अनेक गाड्यांत जास्त दिलेली असते.

इंजिन पूर्ण थंड हवे. होंडाच्या पुस्तिका ३५ अंशांखाली असे सांगतात. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी चहाच्या आधी काम सुरू करणे सगळ्यांत सोयीचे. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात दुपारी बारा वाजता न चालवलेली गाडीसुद्धा या अटीत बसत नाही. तिथे पहाटच गाठावी. गाडी मेन स्टँडवर, गिअर न्यूट्रलला, चावी काढलेली. मग पाना हातात घेण्याआधी ब्रश आणि थोडे डिझेल घेऊन दोन्ही झाकणांच्या आणि प्लगच्या भोवतालची माती धुऊन, पुसून काढावी. पुष्कळ जण हे टाळतात. पण झाकण उघडले की कडेला साचलेला चिखलाचा खडा सरळ रॉकरवर पडतो आणि तिथून ऑइलमध्ये जातो. प्लगच्या भोकातून तर तो थेट पिस्टनवर. प्लग काढून ठेवला की कम्प्रेशनचा अडथळा नाहीसा होतो आणि इंजिन दोन बोटांच्या जोरावर फिरते.

खालचे झाकण काढताना थोडे ऑइल ओघळते. इंजिन आडवे असल्याने एक्झॉस्टच्या खळग्यात ते साचलेले असते. खाली एखादे जुने ताट ठेवावे, घाबरू नये. झाकणाला रबरी ओ-रिंग असते. ती कडक किंवा चपटी झाली असेल तर नवीच घालावी. काही रुपयांच्या या रिंगेची काटकसर केली, की पुढचे सहा महिने हेडवरून ऑइल पाझरत राहते.

आता इंजिन योग्य जागी आणायचे. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणे असतात, एक मोठे मध्यभागी आणि एक लहान वरच्या कडेला. मोठ्या झाकणाआड क्रँकचा नट असतो. त्याला गोटी पाना लावून इंजिन डावीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचे. लहान झाकण म्हणजे खिडकी. तिच्यातून मॅग्नेटची कड सरकताना दिसते आणि एका ठिकाणी इंग्रजी ‘टी’ अक्षराची रेघ येते. ही रेघ खिडकीच्या खाचेला मिळाली की पिस्टन अगदी वर पोचलेला असतो. जवळच ‘एफ’ची रेघ असते, ती ठिणगीची खूण, तिच्याशी या कामाचा संबंध नाही. खिडकी अंधारी आणि ऑइलने माखलेली असते, त्यामुळे ‘एफ’लाच ‘टी’ समजणारे कमी नाहीत. टॉर्च हवाच.

‘टी’ची रेघ जुळली म्हणजे काम झाले असे मात्र नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाच्या एका चक्रात पिस्टन दोनदा वर येतो. एकदा मिश्रण दाबून, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. दुसऱ्यांदा जळका धूर बाहेर ढकलून, तेव्हा एक्झॉस्ट मिटता मिटता इनलेट उघडू लागलेला असतो. दोन्ही वेळी खिडकीत ‘टी’च दिसतो, कारण कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. फट मोजायची ती पहिल्या जागी. ओळखायची सोपी पद्धत अशी, की इंजिन सावकाश फिरवत वरच्या, इनलेटच्या रॉकरवर लक्ष ठेवावे. तो खाली दबला आणि परत वर आला, की त्यानंतर येणारा पहिला ‘टी’ आपला. पडताळा बोटांनी घ्यावा. दोन्ही रॉकर चिमटीत धरून हलवले तर अगदी किंचित खडखडतात. एक जरी ताठ असेल तर इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा बघावे. रेघ ओलांडून पुढे गेले तर पाना उलटा फिरवून मागे आणू नये. पुन्हा दोन फेरे पुढेच घ्यावेत. उलट फिरवल्याने टायमिंग चेनची ढिली बाजू बदलते, आणि किक हलकी करण्यासाठी काही इंजिनांच्या कॅमवर जो डीकॉम्प्रेसर असतो, तो एक्झॉस्टच्या रॉकरला किंचित उचलून धरू शकतो. मग माप खोटे येते.

आधी काहीही न सोडता आहे ती फट मोजावी आणि कागदावर लिहावी. पाते स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये सपाट सरकवायचे, तिरके घुसवायचे नाही. योग्य फटीत पाते सरकते, पण बोटांना किंचित ओढ जाणवते. वह्यांच्या गठ्ठ्याखालून एखादा कागद ओढून काढताना लागते तेवढी. ही ओढ प्रत्येकाच्या हाताला वेगळी भासते, म्हणून नवशिक्याने दोन पात्यांचा नियम पाळावा. ०.०५ हवे असेल तर ०.०५ चे पाते जायला हवे आणि त्याच्या पुढचे, ०.०८ किंवा ०.१० चे, मुळीच जाता कामा नये. जाते की नाही, एवढाच प्रश्न. हाताच्या अंदाजावर सोपवण्यासारखे फारसे उरत नाही.

पाते एकही जात नसेल आणि रॉकर हलतही नसेल, तर दोन शक्यता. एकतर पिस्टन दुसऱ्या ‘टी’वर आहे, ते पुन्हा तपासावे. तो बरोबर असेल, तर फट खरोखर मिटली आहे आणि गाडी वेळेवर उघडली गेली आहे.

फट बदलायची तर ९ च्या रिंग पान्याने चेकनट अर्धा फेरा सोडवावा, पाते मध्येच ठेवावे आणि टॅपेट कीने स्क्रू हलक्या हाताने पात्याला टेकेपर्यंत फिरवावा. स्क्रू किती फिरवला की किती फट बदलते, याचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर आणला की हात आपोआप हलका होतो. स्क्रूचे आटे अर्ध्या मिलिमीटरचे असतील, तर पूर्ण एका फेऱ्याला स्क्रू अर्धा मिलिमीटर सरकतो. ०.०५ मिलिमीटरसाठी लागतो फेऱ्याचा फक्त दहावा भाग. घड्याळाचा मिनिटकाटा सहा मिनिटांत जेवढा सरकतो, तेवढा. इकडे-तिकडे आणखी सहा मिनिटे झाली, तर फट शून्यावर जाते किंवा दुप्पट होते.

खरी परीक्षा यानंतर येते. चेकनट आवळताना तो स्क्रूलाही आपल्याबरोबर थोडा ओढून नेतो आणि आटे ताणले जाऊन स्क्रू जरासा वर खेचलाही जातो. आवळण्याआधी नेमकी असलेली फट आवळल्यानंतर तशी राहत नाही. एका हाताने की घट्ट धरायची, दुसऱ्याने नट आवळायचा, पाते काढून परत घालायचे; चुकले तर पुन्हा सोडवायचे. सरावलेला हातही एका टॅपेटला दोनदा-तीनदा हे करतो, नवशिक्याला आठ-दहादा करावे लागले तर त्यात काही बिघडत नाही. नट कसोशीने आवळायचा मोह आवरावा. या छोट्या नटाला ९-१० न्यूटन-मीटरच्या आसपासचा जोर पुरतो. आखूड पाना मुठीत न धरता तीन बोटांनी ओढला की तेवढा लागतो. त्यापुढे गेले की आटे जातात.

कधी कधी पाते सांगते फट बरोबर आहे, आणि तरी टकटक जात नाही. अशा वेळी स्क्रू काढून त्याचे टोक उजेडात धरावे. नवे टोक गुळगुळीत आणि किंचित फुगीर असते. बरीच चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हच्या दांड्याने त्यात वाटीसारखा खळगा पाडलेला दिसतो. नख फिरवले की त्याची कड लागते. सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे आडवे बसते आणि खालचे अंतर त्याला मोजताच येत नाही. दाखवते ०.०५, असते त्याच्या दुप्पट-तिप्पट. असा स्क्रू आणखी आवळणे हा उपाय नव्हे, तो बदलावा. रॉकरच्या दुसऱ्या टोकाला, कॅमवर घासणाऱ्या बाजूला, असेच खड्डे पडलेले असतील तर रॉकर आणि कदाचित कॅमही बदलायची वेळ आली आहे.

दोन्ही टॅपेट लावून झाले की इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून पुन्हा त्याच ‘टी’वर आणावे आणि दोन्ही फटी परत मोजाव्यात. कंटाळा येतो, पण नट पुरता न आवळला गेल्याची चूक इथेच सापडते. आवळायला विसरलेला चेकनट रस्त्यावर सुटला, तर स्क्रू आपोआप फिरत बाहेर येतो. मग झाकणे, प्लग, खिडकीची झाकणे आपापल्या जागी. ऑइलची पातळी बघावी, कारण थोडे ताटात गेलेले असते.

चारचाकीत तत्त्व हेच, फक्त मोजायच्या फटी जास्त. मारुती ८०० च्या जुन्या इंजिनात तीन सिलिंडर आणि सहा व्हॉल्व्ह; एकेक सिलिंडर कम्प्रेशनवर आणून त्याचे दोन टॅपेट लावायचे. अ‍ॅम्बेसेडरच्या चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्हच्या इंजिनासाठी मेकॅनिकांकडे नऊच्या बेरजेची युक्ती होती. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला असेल तेव्हा आठवा लावायचा, तिसरा दबलेला असताना सहावा, पाचवा असताना चौथा. दोन्हींची बेरीज नऊ भरली की जोडी बरोबर. खूण शोधायची गरज नाही, खिडकी नाही. नुसते रॉकरकडे बघायचे.

गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटाचा आवाज विचारात घेऊ नये. ऑइल वर चढायला वेळ लागतो. गरम झाल्यावर उरलेला आवाज टॅपेटचाच आहे की दुसऱ्या कशाचा, हे पारखायला लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक हेडच्या झाकणावर टेकवावे आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावावी. टॅपेटचा ठोका बारीक, कोरडा आणि नियमित असतो. टायमिंग चेन ढिली असेल तर हेडच्या बाजूला घासल्यासारखी, सलग खरखर येते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडताना ती वाढते. थंड इंजिनात येणारी आणि गरम झाल्यावर विरणारी जाडसर ठकठक पिस्टनची असू शकते. इंधन फवारणाऱ्या नव्या गाड्यांत इंजेक्टरही टिकटिकतो आणि तो आवाज दोषाचा नसतोच. हे सगळे टॅपेटच्या माथी मारून स्क्रू आवळले, की आवाज तसाच राहतो आणि व्हॉल्व्ह मात्र जळतो.

मोजलेल्या फटी तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवल्या की पुढच्या खेपेला त्यांचा उपयोग होतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात फट एखाद्या-दुसऱ्या शतांशाने हलली, तर ती रोजची झीज. एक्झॉस्टची फट प्रत्येक वेळी भराभर कमी होत असेल, तर मात्र बैठक खचते आहे आणि स्क्रू कितीही वेळा सोडवला तरी ती थांबणार नाही. मग हेड उतरवून मशीन शॉपमध्ये न्यावे लागते. तिथे बैठक कापून किंवा बदलून, व्हॉल्व्ह घासून बसवतात. नव्या बैठकीवर गाडी थोडी चालली की टॅपेट परत एकदा मोजायचे, कारण सुरुवातीला व्हॉल्व्ह जागा धरत असताना फट सर्वांत लवकर बदलते.